उंबऱ्यावरचे दोन प्रश्न

महाराष्ट्रातील अनेक घरांत स्त्रियांची सकाळ मिश्रीने सुरू होते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासली जाते. दात स्वच्छ होतात या समजुतीने आरंभ होतो. पुढे तिच्यावाचून चैन पडत नाही. तरीही ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास अशी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण मिश्री ही तिच्या लेखी तंबाखू नसतेच.

या सवयीचा गर्भावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रकाश गुप्ता व श्रीविद्या या संशोधकांनी मुंबईत केला. घरोघरी जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गर्भवतींची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया मिश्री किंवा तत्सम धूरविरहित तंबाखू वापरत होत्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर कारणे विचारात घेऊनही, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वारेतून बाळाला होणारा पुरवठा घटतो. मद्य तर वार ओलांडून थेट गर्भापर्यंत पोहोचते. गर्भावस्थेत मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

येथे काळाचे गणित महत्त्वाचे ठरते. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मेंदू व मज्जारज्जू यांची मूळ नलिका मिटलेली असते. त्या सुमारास अनेक स्त्रियांना पाळी चुकल्याची नुकतीच जाणीव होत असते. गर्भधारणा अनपेक्षित असेल, तर ती आणखी उशिरा कळते. म्हणजेच सावध होण्यापूर्वीच नाजूक काळ निघून जातो. म्हणून केवळ गर्भवतींची तपासणी पुरेशी नाही. विचारपूस आधीच व्हावयास हवी.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे गावोगावी आशा कार्यकर्त्या आल्या. गृहभेटीत त्यांना दोन प्रश्न एकत्र विचारता येतात : ‘ताई, मिश्री, तंबाखू किंवा दारू यांपैकी काही घेता का?’ आणि ‘इतक्यात मूल हवे आहे का?’ मूल नको असेल, तर तांबी, गोळ्या, निरोध किंवा ‘अंतरा’ इंजेक्शन ही साधने सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. मूल हवे असेल, तर व्यसन आधी सोडणे हीच पहिली तयारी होय.

मात्र प्रश्न विचारण्याची रीत योग्य हवी. सासूसमोर किंवा पतीसमोर खरे उत्तर मिळणे कठीण; विचारपूस एकांतात व्हावी आणि उत्तर गुप्त राहावे. दोष दिल्यास स्त्री पुढच्या वेळी दार लावून घेईल. नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तीने ते एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. गर्भ राहिल्यानंतर सवय लक्षात आली, तरी वेळ पूर्ण गेलेली नसते. कोणत्याही महिन्यात सोडलेले व्यसन बाळाच्या हिताचेच ठरते.

मिश्रीचा डबा घरात बहुधा सर्वांसाठी एकच असतो. तो दूर करण्याची जबाबदारीही एकट्या सुनेची नसून साऱ्या घराची आहे.

स्वाध्याय
१. ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न अपुरा का ठरतो?
२. गृहभेटीत दोन्ही प्रश्न एकत्र विचारणे का आवश्यक आहे?