अनाहूतास उत्तर : मौन की नकार?

शाळेच्या कार्यालयातील संगणकात आज विद्यार्थ्यांची नावनिशी, जन्मतारखा व शिष्यवृत्तीचे तपशील साठविलेले असतात. पूर्वी हे दप्तर कुलुपाच्या कपाटात असे आणि किल्ली मुख्याध्यापकांजवळ असे. संगणक जाळ्यास जोडला की त्या कपाटाचे दार जणू हमरस्त्यावर येते. त्या दारावर थाप मारणाऱ्यास काय उत्तर द्यावयाचे हे ठरविणारे साधन म्हणजे फायरवॉल. तिचे कार्य शिक्षकांनी समजून घ्यावे व वरच्या वर्गांतील मुलांस समजावून द्यावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. पूर्वज्ञान

बीड शहरातील कोतवाली वेस अथवा धारूरचा किल्ला यांच्या उल्लेखाने पाठास आरंभ करावा. तटबंदीस दारे थोडी असली की पहारा सोपा जातो. संगणकास मात्र ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांची द्वारे असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. संकेतस्थळांची सुरक्षित देवघेव ४४३ क्रमांकाच्या द्वाराने चालते, विंडोज संगणकांतील फायलींची देवघेव ४४५ ने, तर दुरून संगणक चालविण्याची सोय ३३८९ ने.

२. विषयप्रतिपादन

जोडणी मागणारा संगणक प्रथम एक लहानसा संदेश पाठवितो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या टीसीपी नियमांनुसार द्वारामागे सेवा चालू असल्यास स्वीकृती जाते. नसल्यास 'जोडणी नाही' असा नकार जातो. फायरवॉल तिसरा मार्ग उपलब्ध करून देते : संदेश टाकून द्यावयाचा व काहीच बोलावयाचे नाही. या मौनास 'ड्रॉप' व स्पष्ट नकारास 'रिजेक्ट' म्हणतात.

मौनाने परका मनुष्य खोळंबतो, हा त्याचा लाभ. शिवाय संदेशावरील प्रेषकाचा पत्ता खोटा असू शकतो. अशा वेळी नकार भलत्याच निरपराध संगणकाकडे जातो. मौनात हा दोष नाही. परंतु मौनामुळे आपला माणूसही खोळंबतो. लिनक्सच्या पुष्कळ आवृत्त्यांत उत्तर न मिळाल्यास संगणक १, २, ४, ८, १६, ३२ व ६४ सेकंद असा दुप्पट होत जाणारा काळ थांबतो. ही बेरीज मुलांकडून करवून घ्यावी. ती १२७ येते. स्पष्ट नकार मिळाला असता तर दोन मिनिटांहून अधिक काळ वाचला असता आणि दोष कोठे आहे तेही तत्काळ कळले असते.

मौन म्हणजे अदृश्यता, असा समज मात्र होऊ देऊ नये. पत्त्यावर संगणकच नसेल तर मार्गावरील यंत्र पुष्कळदा 'येथे कोणी नाही' असे कळविते. तेव्हा संपूर्ण शांतता हीच आत कोणी असल्याची खूण ठरू शकते. रक्षण होते ते द्वार बंद असल्याने; उत्तराचा प्रकार हा त्यापुढचा प्रश्न आहे. म्हणून बाहेरील जाळ्यास मौन व शाळेच्या आतील जाळ्यास स्पष्ट नकार, ही विभागणी बहुधा सोयीची पडते.

३. उदाहरण

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमध्ये एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून पसरला, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर धक्क्याचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. त्याने प्रवेश केला तो विश्वासाच्या दारातून. मग आतल्या आत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यास ४४५ क्रमांकाचे द्वारही त्याच्या उपयोगी पडले. त्यातील एका दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात : वेशीवर पहारा असला तरी घराची कडी लावावी लागते, आणि फायरवॉल ही दुरुस्तीची जागा घेऊ शकत नाही.

४. वर्गातील कृती

तीन मुलांस द्वारपाल करावे. पहिल्याने चिठ्ठी स्वीकारावी, दुसऱ्याने 'नाही' असे लिहून परत करावी, तिसऱ्याने ती मुकाट्याने टोपलीत टाकावी. चिठ्ठी पाठविणाऱ्याने किती वेळ वाट पाहिली ते इतरांनी मोजावे. नंतर एका चिठ्ठीवर दुसऱ्याच मुलाचे नाव घालावे व नकार कोणाकडे जातो ते दाखवावे.

५. शिक्षकांनी पाळावयाच्या गोष्टी

(अ) छपाईयंत्र चालत नाही म्हणून सारी फायरवॉल बंद करू नये. त्या एका कामापुरती परवानगी द्यावी.

(आ) बाहेरून येणारी जोडणी बंद ठेवली तरी आपण स्वतः मागितलेल्या पानाचे उत्तर आत येते. म्हणून शासकीय संकेतस्थळ उघडणार नाही अशी भीती बाळगू नये.

(इ) परक्या ठिकाणच्या वायफायशी जोडताना विंडोजमध्ये 'सार्वजनिक' हा प्रकार निवडावा. विंडोजची फायरवॉल न मागितलेल्या जोडणीस सामान्यतः मौनानेच उत्तर देते.

(ई) उबुंटूमध्ये फायरवॉल आरंभी बंद असते. ती चालू करावी लागते. तेथे 'डिनाय' म्हणजे मौन व 'रिजेक्ट' म्हणजे स्पष्ट नकार.

६. उजळणीचे प्रश्न

(१) मौनाने कोणाकोणाचा खोळंबा होतो? (२) खोट्या पत्त्याच्या संदेशास नकार पाठविल्यास काय घडते? (३) आलेली घातक फाइल मुलाने स्वतःच्या हाताने उघडली, तर फायरवॉल त्यास वाचवील काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असे आहे. ते मुलांच्या तोंडून आले, तर पाठ सफल झाला असे समजावे.