बिघडलेली बारनिशी

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला आपण इतरांहून अधिक प्रामाणिकपणे विचार करीत आहोत असे वाटत असते, आणि त्या व्याधीचे सर्वांत फसवे अंग तेच होय. जिल्हा कचेरीच्या नोकरीची अखेरची काही वर्षे उरली असताना मला पहाटे अवेळी जाग येई, आणि हुकलेल्या कर्तव्यांची, कोणे एके काळी कोणाला बोललेल्या एखाद्या कठोर शब्दाची जी उलटतपासणी सुरू होई ती उजाडेपर्यंत संपत नसे. परंतु आत्मपरीक्षण हा सद्गुण, अशा संस्कारांत वाढलेल्या आमच्या घरात तिला रोग म्हणावे हे कोणाला सुचले नाही. राजीनाम्याचा मसुदा तेवढा मी त्या काळात चोख उतरविला होता.

पुढे उपचार सुरू झाल्यावर, वाचण्याइतकी उमेद परत आली तेव्हा, या उलटतपासणीचे शास्त्र कळू लागले. मनुष्य बाहेरच्या कोणत्याही कामात गुंतलेला नसताना मेंदूचे काही विशिष्ट भाग अधिक कार्यरत असतात आणि काम समोर येताच मंदावतात, हे अमेरिकेतील मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडले. त्या भागांच्या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात, आणि स्वतःविषयीचे व गतकाळाविषयीचे चिंतन बव्हंशी त्याच्याच आधारे चालते. समोरच्या कामावर चित्त ठेवणारे जाळे निराळे. आणि या दोहोंपैकी कोणाची पाळी आली हे ठरविण्यात ज्याचा मोठा वाटा असतो ते तिसरे, सेलियन्स नेटवर्क, म्हणजे आमच्या कचेरीतला बारनिशीचा कारकून. आलेला कागद कोणत्या मेजावर जावा हे तो ठरवितो. आणि त्याचे तंत्र बिघडले की सगळे टपाल एकाच मेजावर, जुन्या तक्रारींच्या मेजावर, जाऊन पडते.

मात्र हे चित्र जितके सुबक दिसते तितके ते पक्के नाही. २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात नैराश्यामध्ये डिफॉल्ट जाळ्यातील अंतर्गत संबंध वाढलेले आढळले, तर चीनमधील २५ संशोधनगटांनी मिळून २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नैराश्य पुनःपुन्हा आलेल्या रुग्णांत, ते घटलेले दिसले. म्हणून मेंदूचे छायाचित्र काढून नैराश्याचे निदान करून देतो असे कोणी सांगितल्यास त्याच्यावर पैसा खर्चू नये. अशी सरासरी अनेकांची मिळून निघते, एकट्याचे निदान अद्याप डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच होते. क्वचित डॉक्टर एमआरआय सांगतात, तो दुसरा काही आजार नाही ना हे पाहण्यासाठी.

घरच्यांना माझी विनंती अशी की, “विचार करू नकोस” हा हुकूम सोडू नये, कारण तो अमलात आणणे रुग्णाच्या स्वाधीन नसते. “चल, मंडईत जाऊन येऊ” असे म्हणून त्याला बरोबर न्यावे, आणि वाटेत उपदेश करू नये. राजीनामा, घरविक्री, वाटणीपत्र असले निर्णय प्रकृती सुधारेपर्यंत तहकूब ठेवावेत. जगण्याचा वीट आल्याची भाषा तोंडी आली तर मात्र क्षणाचीही मुदत न देता, माणसाला एकटे न सोडता, डॉक्टर गाठावा. १४४१६ हा शासनाच्या टेली-मानसचा क्रमांक अहोरात्र चालतो.

औषधांबाबत एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते, ती अशी की मळमळीसारखा उपद्रव पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतो आणि गुण यायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे पुष्कळजण नेमक्या मधल्या काळात गोळ्या सोडून देतात. बरे वाटल्यावर सोडणारे दुसरे. २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात नैराश्याच्या बहुतेक रुग्णांत सेलियन्स जाळ्याने व्यापलेला मेंदूचा पृष्ठभाग जवळपास दुप्पट आढळला, आणि मनःस्थिती सुधारो वा बिघडो, तो विस्तार कायमच राहिला, जाळ्यांतील काही परस्परसंबंध तेवढे लक्षणांबरोबर बदलत गेले. हे वाचल्यापासून गोळ्यांची मात्रा केव्हा उतरवायची हा विषय मी सर्वस्वी डॉक्टरीणबाईंवर सोपविला आहे. त्यांनी तो अद्याप काढलेला नाही आणि मलाही त्याची घाई वाटत नाही.