पाठ ११ : मार्केट स्ट्रीटने कात टाकली

वाचण्याआधी

तुम्ही राहता तिथे जुना मुख्य रस्ता आहे का? तिथली किती दुकानं उघडी आहेत आणि किती बंद? घरातल्या मोठ्यांशी यावर दोन मिनिटं मराठीत बोला. मग पाठ वाचा. अडलेला शब्द शेवटी शब्दार्थांत शोधा.

पाठ

तुमच्या फोनला कदाचित 'गोरिला ग्लास' असेल. ही काच तयार करणाऱ्या कंपनीचं नाव कॉर्निंग, आणि कंपनी ज्या गावात आहे त्या गावाचं नावही कॉर्निंगच! अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं हे छोटं गाव. वस्ती दहा-अकरा हजारांची. गावाच्या मधून शमंग नदी वाहते.

गावाच्या मुख्य रस्त्याचं नाव मार्केट स्ट्रीट, म्हणजे आपली बाजारपेठ. दोन्ही बाजूंना विटांच्या दोन-तीन मजली जुन्या इमारती. खाली दुकानं, वर खोल्या. मी महाराष्ट्रात ज्या तालुक्याच्या गावी शिकलो, तिथेही अशीच पेठ होती. आईने सांगितलेलं सामान मी वाटेत विसरायचो, पण दुकानदारकाकांना ते बरोबर आठवायचं. "अरे, गूळ राहिला!" असं म्हणून ते मला परत बोलवायचे.

अमेरिकेतही मुख्य रस्त्यांवर अशीच ओळख असायची. मग दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. लोकांनी गाड्या घेतल्या, गावाबाहेर घरं बांधली, मोठे हायवे झाले. 1956 मध्ये मिनेसोटा राज्यात साउथडेल नावाचा मॉल उघडला. सगळी दुकानं एका छपराखाली, आत ना थंडी ना पाऊस आणि गाडी लावायला भरपूर जागा! असे मॉल जागोजागी झाले आणि जुने मुख्य रस्ते ओस पडू लागले.

दुकानदार घाबरले. "आपलं दुकान जुनाट दिसतं, म्हणून गिऱ्हाईक येत नाही," असं अनेकांना वाटलं. म्हणून त्यांनी विटांच्या सुंदर भिंतींवर अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले आणि वर मोठमोठ्या पाट्या लावल्या. काही गावांनी तर जुन्या इमारती पाडून तिथे पार्किंग केलं. पण ज्या दुकानांसाठी लोक गाडी घेऊन येणार, ती दुकानंच पाडली तर पार्किंगचा उपयोग काय?

कॉर्निंगवर आणखी एक संकट आलं. जून 1972 मध्ये 'अॅग्नेस' वादळाच्या पावसाने शमंग नदीला महापूर आला. मार्केट स्ट्रीटवर पाणी आणि चिखल शिरला. आता गावापुढे दोन वाटा होत्या. जुनी पेठ पाडून सगळं नवं बांधायचं, की आहे ते दुरुस्त करायचं?

गावाने मार्केट स्ट्रीटसाठी दुरुस्तीची वाट धरली. 1974 मध्ये फक्त या रस्त्याच्या कामासाठी एक संस्था सुरू झाली. काच कंपनीने तिला पैशांची मदत केली. काम नॉर्मन मिंट्झ यांच्याकडे आलं. त्यांची पद्धत साधी होती. ते दुकानदारांना फुकट सल्ला द्यायचे : पत्रे काढा, खालच्या विटा पुन्हा दिसू द्या, पाटी इमारतीला शोभेल अशी लावा. रस्त्यावर झाडं आली, पदपथ विटांचे झाले. सापाने कात टाकावी तशी मार्केट स्ट्रीटने पत्र्यांची कात टाकली!

पुढे 1977 मध्ये जुन्या इमारती जपणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने तीन छोट्या गावांत असाच प्रयोग केला : इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन आणि साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्स. त्यातून 1980 मध्ये 'मेन स्ट्रीट' हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. त्याची चार सूत्रं आहेत : माणसं एकत्र आणा, रस्ता छान दिसू द्या, लोकांना यायला कारण द्या आणि धंदा चालेल असं बघा.

यातलं चौथं सूत्र मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नुसता रंग लावून दुकान चालत नाही. वरच्या रिकाम्या खोल्यांत माणसं राहायला आली, तर संध्याकाळी रस्त्यावर वर्दळ राहते. वर्दळ राहिली, तर खालची दुकानं चालतात.

पण एक अडचणही आहे. रस्ता छान झाला की जागेचं भाडं वाढू शकतं. मग ज्या चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांनी वाईट दिवसांतही दुकान उघडं ठेवलं, त्यांनाच ते परवडत नाही. तसं झालं, तर तो रस्ता नक्की कोणासाठी सुधारला? याचं उत्तर मी देणार नाही. ते तुम्ही वर्गात शोधायचं आहे.

शब्दार्थ

ओस पडणे – माणसं नसल्यामुळे रिकामं होणे
कात टाकणे – सापाने जुनी त्वचा सोडणे. (वाक्प्रचार) नवं रूप घेणे
गिऱ्हाईक – दुकानात वस्तू घ्यायला येणारा माणूस
पदपथ – रस्त्याच्या कडेची चालण्याची वाट
वर्दळ – माणसांची सतत ये-जा
परवडणे – खर्च झेपणे

बोलणं आणि लिहिणं

बोलताना आपण 'गाव छोटं होतं' म्हणतो. पुस्तकात बरेचदा 'गाव छोटे होते' असं लिहितात. दोन्ही बरोबर आहे. ही वाक्यं पुस्तकी भाषेत लिहा :

1. चित्र बदललं.
2. जागेचं भाडं वाढलं.
3. त्यांनी दुकान उघडं ठेवलं.

प्रश्न

1. दुकानदारांनी भिंतींवर पत्रे का ठोकले?
2. पुरानंतर गावापुढे कोणत्या दोन वाटा होत्या?
3. वरच्या खोल्यांत लोक राहिले, तर खालच्या दुकानांना काय फायदा होतो?
4. 'ओस पडणे' आणि 'कात टाकणे' हे वाक्प्रचार वापरून तुमच्या गावाबद्दल एकेक वाक्य लिहा.

करून बघा

या शनिवारी जवळच्या मुख्य रस्त्यावर जा. एका जुन्या दुकानदाराला विचारा, "तुम्ही इथे किती वर्षं आहात? काय काय बदललं?" ते कोणत्याही भाषेत बोलू देत, तुम्ही घरी येऊन आठ-दहा ओळी मराठीत लिहा. पुढच्या तासाला आपण त्या एकमेकांना वाचून दाखवू. आजी-आजोबांना फोन लावून त्यांच्या पेठेची गोष्टही जरूर विचारा!