पैसा आणि सरकारची जबाबदारी

रात्रीचा वर्ग भरला. गुरुजींनी फळ्यावर एकच शब्द लिहिला – जबाबदारी.

तात्यांनी तो सावकाश वाचला. मग म्हणाले, "गुरुजी, वाचता आलं. पण जबाबदारी कुणाची?"

"तात्या, २०१६ सालच्या दिवाळीनंतरचे दिवस आठवतात का?"

"न आठवून कसं? सोयाबीनचे पैसे हातात, अन् ते कुणी घेईना!"

चला, ती हकिगत नीट समजून घेऊ.

तारीख ८ नोव्हेंबर २०१६. रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी सांगितले, की आज मध्यरात्रीपासून ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा चालणार नाहीत. काळा पैसा आणि खोट्या नोटा बंद पाडाव्यात, हा सरकारचा हेतू होता. पण देशात फिरणाऱ्या दर १०० रुपयांतले सुमारे ८६ रुपये याच नोटांत होते. त्यांच्या जागी द्यायला नव्या नोटा पुरेशा नव्हत्या. नव्या नोटांचा आकार वेगळा होता. त्यामुळे पैसे देणारी यंत्रेही बदलून घ्यावी लागली.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेव्हा हरभऱ्याची पेरणी चालू होती. पीककर्ज सोसायटीमार्फत जिल्हा बँकेतून मिळते. पुष्कळ शेतकऱ्यांचे खाते तिथेच. पण १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने देशातल्या सगळ्या जिल्हा मध्यवर्ती बँकांना हुकूम दिला, की जुन्या नोटा घेऊ नका. काळा पैसा या वाटेने आत शिरेल, अशी भीती होती. आधीच्या चार-पाच दिवसांत या बँकांनी घेतलेल्या नोटाही पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली. पेरणी काही जूनपर्यंत थांबत नाही!

पुढे २०१८ साली रिझर्व्ह बँकेने हिशेब सांगितला. रद्द झालेल्या दर १००० रुपयांपैकी ९९३ रुपये बँकांत परत आले होते. काळ्या पैशाच्या नोटा बाहेरच बुडतील, हा अंदाज चुकला.

काकू म्हणाल्या, "माझी आजी हाली रुपयाचं सांगायची. तोही बंदच झाला की."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे हाली रुपया चाले. १९५० साली भारताचा रुपया आला. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा भाव होता. दोन्ही रुपये बरोबरीने चालले. हाली रुपया पुरता रद्द झाला १९५९ साली."

तो बदल वेगळ्या कारणासाठी होता, हे खरे. काळा पैसा धरायचा तर गुपित ठेवावे लागते, हेही खरे. पण नव्या नोटा किती लागतील? खेड्यात त्या कशा पोचतील? दिवस पेरणीचे आहेत का? हा विचार गुपित ठेवूनही करता येतो.

२ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायदेशीर ठरवला. चार न्यायाधीश एका बाजूला होते. पाचव्या न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत वेगळे पडले. हे काम संसदेत कायदा करून व्हायला हवे होते, असे त्या म्हणाल्या.

कायदेशीर असणे वेगळे आणि दूरदृष्टीचे असणे वेगळे. घरच्या कारभाऱ्याने पेरणीच्या तोंडावर जुना बैल विकला, अन् नवा आणलाच नाही. हेतू चांगला असेल. पण रान पडीक राहिले तर जाब त्यालाच विचारतात. सरकार हे देशाचे कारभारी आहे. ते कोणत्याही पक्षाचे असो.

तात्या म्हणाले, "पण आमच्यासारख्यानं जाब विचारायचा कसा?"

मत मागायला येईल त्याला विचारा. शिवाय २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा. १० रुपये फी भरा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

तात्यांनी वही उघडली. वर लिहिले – अर्ज.

प्रश्न
१. जिल्हा बँकेला नोटा घ्यायची बंदी का झाली? अडचण कुणाची झाली?
२. हाली रुपया आणि ५०० ची नोट यांच्या बदलात काय फरक होता?
३. तुम्हाला सरकारला काय विचारायचे आहे? दोन ओळी लिहा.