इनबॉक्स तुंबलाय? घाबरू नका!

फॉर्मची शेवटची तारीख उलटून जाते आणि मग कळतं की मेल चार दिवस इनबॉक्समध्येच पडून होता. वर ऑफर्स आणि ओटीपींचा हा ढीग! यावर सोपा उपाय आहे.

१ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी जागा घेऊन आलं, तेव्हा अनेकांना ते एप्रिल फूलच वाटलं होतं. पुढे २०१३ मध्ये ती जागा १५ जीबी झाली, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. म्हणजे ट्रिपचे व्हिडिओ चढवत बसलात की एक दिवस मेल येणंच बंद! कंपनीने पाठवलेलं पत्र तिकडूनच परत जातं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून आधी मोठ्या अटॅचमेंटवाले मेल शोधून उडवा, मग ट्रॅशही रिकामा करा. नाहीतर ते तिथे ३० दिवस जागा अडवून बसतात.

बाकी जुने मेल एकेक वाचत बसू नका हो! महिन्यापूर्वीचे सगळे सिलेक्ट करून सरळ अर्काइव्ह करा. अर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे. मेल फक्त समोरून हटतो, सर्च केला की सापडतो. (जागा मात्र याने वाचत नाही.)

प्लेसमेंट सेलच्या पत्त्यासाठी फिल्टर लावून वेगळं लेबल द्या. मेसमध्ये जाण्याआधी तेवढं लेबल बघितलं तरी पुरे. ऑफर्स रविवारी बघू... किंवा नाही बघितल्या तरी काय बिघडतंय?