मनाचे दुखणे आणि देहाचे दुखणे

पेठ तालुक्यातील पाड्यांवर दुखणाईताच्या समाचाराला गेले म्हणजे रोगाचे नाव निघण्याच्या आधी दुसरीच गोष्ट कानी पडते. 'भावाशी बांधावरून वाजलं, तवापासून अन्न गोड लागत नाही.' 'पोरं दिवाळी करून द्राक्षबागेच्या कामाला गेली, तवापासून म्हातारीनं अंथरूण धरलंय.' शिकलेला मनुष्य हे ऐकून हसतो. आम्हांस हसू येत नाही. ह्या बोलण्यात खरे किती आणि खोटे किती, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. कारण त्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

प्रथम आपल्या जुन्या वैद्यकाचे ऐका. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार मोजले आहेत, आणि त्यांपैकी दोन भयाने व शोकाने होणारे आहेत. भीतीने पोट बिघडते हे आजीबाईला ठाऊक होते, तसेच ते चरकालाही होते. त्याच ग्रंथात वेगांचा विचार आहे. लोभ, शोक, भय, क्रोध, अभिमान, ईर्ष्या ह्यांचे वेग आवरावेत असे सांगितले. पण तहान, भूक, झोप असे जे तेरा वेग मुळीच अडवू नयेत म्हणून सांगितले, त्यांत अश्रू आहेत! घरातले माणूस गेले असता 'रडू नको, भक्ताने रडू नये' असे दटावणारे काही लोक आपल्यातही असतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे. शोक कवटाळून बसू नये हे खरे, पण डोळ्यांचे पाणी कोंडून ठेवणे म्हणजे वैराग्य नव्हे.

आता अलीकडचे शास्त्र. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनी १९१५ साली भय, क्रोध व वेदना ह्यांनी देहात काय घडते ते ग्रंथरूपाने मांडले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी आहेत. भय वाटताच त्यांचा रस रक्तात उतरतो, काळीज धडधडते, पोटाचे काम थांबते, रक्त हातापायांकडे धावते. वाटेत बिबट्या आडवा आला तर हे फार उपयोगाचे. परंतु बिबट्या घटकाभरात निघून जातो. सावकाराचा तगादा आणि जावाजावांचा अबोला रात्री उशाशीच असतो. देहाला तो फरक कळत नाही. तो महिनोन्‌महिने लढाईच्या तयारीत राहतो. झोप उडते, रक्तदाब चढतो, आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती उणावते.

ह्याचा एक दाखला फार बोलका आहे. अमेरिकेत १९९५ साली काही डॉक्टरांनी २६ स्त्रियांच्या हातावर परवानगीने एक लहानशी जखम केली. त्यांपैकी १३ जणी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या होत्या, उरलेल्या १३ तशा नव्हत्या. सेवा करणाऱ्यांची जखम भरून यावयास सरासरी नऊ दिवस अधिक लागले. मंडळी, ही गोष्ट वाचून आमच्या डोळ्यांपुढे आपल्या घरातल्या सुना आल्या. सासऱ्याचे अंथरूण काढणारी, उन्हाळ्यात दूरच्या विहिरीवरून हंडे वाहणारी, आणि 'तुला काय होतंय' असे जिला कोणी विचारीत नाही ती. आपण दिंडीत भेटणाऱ्या अनोळखी बाईला माउली म्हणून वाकून पाया पडतो, आणि घरातल्या माउलीच्या हातातला हंडा घेत नाही!

उलट बाजूही पाहा. प्रयागच्या माघमेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगाकाठी थंडीत राहतात, गर्दी सोसतात, गार पाण्यात नाहतात. संशोधकांनी ४१६ यात्रेकरूंना आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांना, मेळ्याच्या महिनाभर आधी व महिनाभर नंतर, प्रकृतीविषयी विचारले. २०१२ साली हे काम प्रसिद्ध झाले. गेलेल्यांना परतल्यावर अधिक बरे वाटत होते. न गेलेल्यांत तसा फरक नव्हता. अर्थात हे ज्याचे त्याने सांगितलेले आहे, नाडी पाहून ठरविलेले नव्हे. तरीपण वारकऱ्याला ते पटेल. पायाला फोड आले तर शेजारचा तेल लावील, भाकरी कमी पडली तर अर्धी मिळेल, असा भरवसा माणसाला बळ देतो.

येथवर ठीक. पण ह्यावरून कोणी 'सगळे रोग मनाचेच' असे म्हणू लागला तर तो घात करील. एकेकाळी डॉक्टरही पोटातील व्रण काळजीने होतो असे सांगत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल व वॉरन ह्यांनी त्यामागचा जंतू शोधला, आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्षय जंतूनेच होतो, हे तर १८८२ पासून ठाऊक आहे. तो कोणाच्या शापाने येत नाही आणि समेट केल्याने जात नाही. त्याला महिनोन्‌महिने गोळ्याच घ्याव्या लागतात. आपल्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजार आईबापांकडून रक्तातच येतो. त्या लेकराला 'तू नामस्मरण कमी करतोस म्हणून दुखते' असे म्हणणे ही निर्दयता आहे. मात्र त्यातल्या वेदनेचा झटका थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप ह्यांनी उठतो, आणि मनाच्या ताणानेही उठू शकतो. म्हणजे मूळ रक्तात असले तरी घरच्या माणसांच्या वागण्याने दुखणे वाढते किंवा सुसह्य होते.

ज्ञानोबाराय लोकांच्या वागण्याने खिन्न होऊन ताटी लावून आत बसले, ही कथा आपण सारे जाणतो. मुक्ताबाई दाराबाहेर बसून राहिली, बोलत राहिली; ताटीचे अभंग त्यातूनच आले. तिने दार तोडले नाही की 'बसू द्या, येतील आपोआप' म्हणून निघूनही गेली नाही. पाड्यावर जी म्हातारी पोरांमागे अंथरुणाला खिळली आहे तिच्या दारात असेच बसावे लागते. आधी बसावे, ऐकून घ्यावे. पाय सुजले आहेत का, खोकला किती दिवसांचा, हे विचारावे. आणि मग तिला पेठच्या दवाखान्यात घेऊन जावे. 'मनाला लावून घेतलंय' म्हणून छातीच्या दुखण्याकडे डोळेझाक झाली तर ती जीवानिशी जाईल.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी निघतात. तेव्हा घाटमाथ्यावर हाडे गोठविणारी थंडी असते. दिंडीप्रमुखांनी निघण्यापूर्वी एवढे करावे. सिकलसेल, रक्तदाब, क्षय ह्यांवर ज्यांचे औषध चालू आहे त्यांची चौकशी करावी, डॉक्टरांना विचारूनच त्यांना चालू द्यावे, आणि पाणी व एक जादा घोंगडी त्यांच्यासाठी गाडीत ठेवावी. बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ दिंडीत असतील तर त्यांना एकाच ओळीत समोरासमोर टाळ घेऊन उभे करावे. ज्यांना चालवत नाही म्हणून मागे ठेवले, त्यांच्या घरी रोज कोणी डोकवावयाचे, हेही तेव्हाच ठरवून निघावे.