सर्व्हरसमोर बस, मग विझार्ड उघड

अगं, सीए ऑफिसातला एकुलता एक सर्व्हर, त्यावर टॅली, आणि साहेब म्हणतात, "सोमवारपासून सगळ्यांना घरून काम करता आलं पाहिजे." एवढ्यावर रडकुंडीला आलीस? आधी चहा घे. हे तुझ्या आवाक्यातलं आहे.

त्या विंडोज सर्व्हरलाच व्हीपीएन सर्व्हर करायचं, बस. त्याचा रोल टाकणं सोपं. सर्व्हर मॅनेजरमध्ये 'रिमोट अ‍ॅक्सेस' घे, त्यात व्हीपीएन आणि राउटिंग दोन्हींवर टिक कर. मग राउटिंग अँड रिमोट अ‍ॅक्सेसच्या खिडकीत सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक केलंस की विझार्ड सुरू. नेटवर्क कार्ड एकच असेल तर तो कुरकुरतो. तेव्हा निमूट 'कस्टम कॉन्फिगरेशन' निवड, नवं कार्ड आणायला धावू नकोस. दोन असतील तर डिफॉल्ट गेटवे फक्त बाहेरच्या कार्डावर.

आता खरं सांगू का, गोम पुढेच आहे. बाहेरचं कार्ड निवडतेस त्या पानावर स्टॅटिक पॅकेट फिल्टरची टिक आधीच केलेली असते. मग त्या कार्डावरून व्हीपीएनशिवाय काहीच आत येत नाही, आणि तू घरून रिमोट डेस्कटॉपने त्याच वाटेने शिरली असशील तर स्क्रीन तिथेच गोठते. हसू नकोस, मी यापायी रात्री रिक्षा करून ऑफिस गाठलंय; वॉचमनने चोर म्हणून धरायचंच बाकी ठेवलं होतं! टिक चांगलीच आहे, राहू दे. कुलूप लावताना आपण घरात असावं, एवढंच.

कुणीतरी येऊन सांगेलच, "पीपीटीपी लाव, पाच मिनिटांचं काम." मान डोलाव आणि ऐकू नकोस. त्याची सुरक्षा कधीच मोडीत निघालीय. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच पीपीटीपी आणि एलटूटीपी निवृत्तीच्या यादीत टाकले. तू एसएसटीपी घे. तो ४४३ पोर्टवरून जातो, राउटरवर तेवढाच फॉरवर्ड करायचा. सर्टिफिकेटवरचं नाव आणि लॅपटॉपच्या कनेक्शनमधलं नाव मात्र तंतोतंत एकच हवं. आणि इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक पब्लिक आयपी आजच मागून घे, त्यालाच वेळ लागतो.

अजून एक, बघ. ऑफिसचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर निम्म्या लोकांच्या घरीही तेच असणार. मग व्हीपीएन जोडलं तरी बिचारा लॅपटॉप सर्व्हर घरातच शोधत बसतो. शनिवारी दुपारी ऑफिसची रेंज बदलून टाक. प्रिंटर रुसतील, पण एकदाच.

पासवर्ड बरोबर असूनही नकार आला तर घाबरू नकोस. युजरच्या डायल-इन टॅबमध्ये परवानगी दिलीस का ते बघ. ती राहिली तर मुळातली पॉलिसी सगळ्यांना नाहीच म्हणते.

चाचणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घे गं, ऑफिसच्या वायफायवरून नाही.